फेसावरचं तेल

पहिला मासा फाटकावरून आत आला तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. दीड-दोन किलोचा रोहू. सिमेंटच्या अंगणात आपटला आणि त्याचं पोट फुटलं. मागून दुसरा आला, तिसरा आला, मग घमेलं भरून एकदमच आले. पिराजी तुरटीच्या पोत्यांपाशी उभा होता. एक मासा त्याच्या पायावर पडला. तोंड उघडं, कल्ले पांढरे. हवेवाचून जीव गेला की तोंड असंच उघडं राहतं, हे पिराजीनं आठ वर्षांपूर्वी माणसाच्या तोंडावर बघितलं होतं. सख्ख्या भावाच्या.

फाटकाबाहेर वाघजाईवाडीची साठ-सत्तर माणसं होती. पिराजीची स्वतःचीच वाडी. हातात काठ्या, पहारी, ऊसतोडीचे कोयते. सगळ्यांच्या पुढं विश्वजित, त्या मेलेल्या भावाचा मुलगा. त्याच्या शर्टाला माशांचे खवले चिकटले होते.

"मलकापूरवाला कुठं हाय?" विश्वजित ओरडला. "म्हणावं, पावणं, बाहेर या. वाडीनं जेवाण आणलंय."

मलकापूरवाला म्हणजे सोमेश. पाणी शुद्ध करायच्या या केंद्राचा ऑपरेटर, सत्तावीस वर्षांचा, तिथंच एका खोलीत राहणारा. तो ऑफिसातून पळत बाहेर आला. डोळे लाल, दाढी वाढलेली, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. फाटक उघडू नका, एवढंच तो पिराजीला म्हणाला. फाटक उघडायची वेळच आली नाही. मासे ज्यात भरून आणले त्या ट्रॅक्टरवर चढून विश्वजितनं तो मागं घेतला, पुन्हा पुढं आणला आणि दोन धडकांत फाटक खांबासकट आडवं केलं.

ते फाटक पडत असताना पिराजीला पळावंसं वाटलं. आपल्याला मारतील म्हणून नव्हे. त्याला कुणी हात लावणार नव्हतं. तो वाडीचा तात्या होता, विश्वजितचा चुलता होता. त्याला पळावंसं वाटलं, कारण मासे कुणी मारले ते त्या सगळ्या गर्दीत फक्त त्याला ठाऊक होतं.

पिराजी जातिवंत गुळव्या, म्हणजे गूळ करणारा. चाळीस वर्षं त्यानं गुऱ्हाळावर उसाचा रस उकळायची काहील सांभाळली. उकळत्या पाकात बोटं बुडवून गोळी बघायची, चुलवाणाला जाळ किती हे रंगावरून सांगायचं, हे त्याचं काम. पाच गावांतून त्याला बोलावणं यायचं. रस उकळून फेस वर चढू लागला, काहिलीच्या काठापर्यंत आला, की बाकीचे घाबरायचे. पिराजी झाऱ्यावर चार थेंब शेंगदाण्याचं तेल घ्यायचा आणि फेसावर झटकायचा. फेस लाजल्यासारखा खाली बसायचा. लोक म्हणायचे, पिराजीचं तेल म्हणजे मंत्र हाय.

मग गुऱ्हाळं बंद पडत गेली आणि पिराजी घरी बसला. त्याला या केंद्रावर आणलं ते शिवांजली मॅडमनी. शहरात राजारामपुरीत राहणाऱ्या, इंजिनिअर. शहराच्या पूर्वेच्या नव्या कॉलन्यांचं सांडपाणी ओढ्यात यायचं, आणि ओढा खाली वाडीच्या बंधाऱ्याला मिळायचा. त्या पाण्यात नत्र आणि स्फुरद. उसाला जे आपण पोत्यानं घालतो तेच, लोकांच्या मुतातून आणि साबणातून फुकट येणारं. त्यावर बंधाऱ्याच्या डोहात केंदाळ, म्हणजे जलपर्णी, माजलं. पाणी दिसेना इतकं. त्या केंदाळात म्हैस अडकली म्हणून पिराजीचा भाऊ उतरला, मुळं पायात गुंतली आणि तो वर आला नाही. पिराजी आणि विश्वजित, दोघांनी कोयत्यानं चार तास केंदाळ तोडलं तेव्हा प्रेत सापडलं. विश्वजित तेव्हा एकोणीसचा होता. त्यानंतर चार वर्षं तो कुणाशी सरळ बोलला नाही.

मग कॉलन्यांनी मिळून हे केंद्र बांधलं. मॅडमनी पिराजीला पहिल्या दिवशी टाक्या दाखवल्या. पहिल्या टाकीत हवा नाही, नुसतं ढवळणं. तिथले जंतू नत्र खाऊन वाऱ्यावर सोडतात. दुसरीत खालून हवा, अखंड बुडबुडे. स्फुरद धरायला तुरटीचं पाणी. आणि शेवटच्या टाकीत मेंब्रेन: पोकळ, पांढऱ्या, बारीक नळ्यांचे हजारो झुबके. पिराजी त्यांना शेवया म्हणायचा. पंप त्या शेवयांतून पाणी ओढायचा. घाण बाहेर राहायची, आतून येणारं पाणी चूळ भरावी असं. पहिल्या टाकीतल्या जंतूंना जोर यायला गोड खाणं लागायचं. मॅडमना काकवी हवी होती आणि काकवी ओळखणारा माणूस हवा होता. म्हणून पिराजी. किती काकवी घालायची हे तो पाण्याच्या वासावरून सांगू लागला. मॅडम त्याला मामा म्हणायच्या आणि बाहेरून साहेब लोक आले की त्याला पुढं उभं करायच्या.

दोन गोष्टी त्यांनी बजावून सांगितल्या होत्या. मला विचारल्याशिवाय या टाक्यांत काही घालायचं नाही. आणि दुसरं, बुडबुड्यांच्या टाकीजवळ जपून. हवेनं फुगलेलं पाणी माणसाला धरत नाही, पट्टीचा पोहणारा दगडासारखा खाली जातो. कुणी पडलं तर आधी लाल बटण दाबून हवा बंद करायची.

दोनच वर्षांत डोह मोकळा झाला. केंदाळ गेलं. विश्वजितनं आणि वाडीच्या पोरांनी डोहात मासे सोडले. पहिला मोठा मासा त्यानं बापाच्या फोटोपुढं ठेवला होता. मग तो हसायला लागला, लग्नाचं बघा म्हणाला.

आणि आता घट बसायच्या आधीचा आठवडा. घरोघर वाकळा, चादरी, गोधड्या धुवायच्या. पूर्वी बाया नदीवर जायच्या. आता कॉलन्यांत घरातच मशीन आणि किलो-किलोनं पावडर. सगळा साबण एकदम केंद्रावर आला. मंगळवारी दुपारी बुडबुड्यांच्या टाकीवर फेस चढू लागला. कठड्याच्या वर आला, जाळीवरून वाहू लागला, वारा आला की गोळे उडून रस्त्यावर पडू लागले. मॅडम पुण्याला गेल्या होत्या. सोमेश पंपाचा पार्ट आणायला उद्यमनगरात गेला होता. पिराजी एकटा होता आणि समोर फेस चढत होता.

चाळीस वर्षांचा हात. त्यानं डोकं चालवलंच नाही, हातच चालला. घर दहा मिनिटांवर. वैनीनं, म्हणजे विश्वजितच्या आईनं, अंबूबाईनं, दसऱ्याच्या तळणासाठी तेलाचा डबा आणून ठेवला होता, पंधरा किलोचा. तो त्यानं सायकलवर घालून आणला. आधी झाऱ्यानं चार थेंब. मग वाटी. मग तांब्या. काहील केवढी आणि टाकी केवढी. शेवटी डबा उलटा केला. फेस बसला. पिराजीला त्या वेळी जसं बरं वाटलं, तसं गुऱ्हाळ बंद पडल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

बुधवारी शेवयांतून पाणी कमी यायला लागलं. तेल त्या बारीक भोकांवर बसलं होतं, तुपाचा हात लागलेल्या फडक्यासारखं. पंप जोरानं ओढत होता, दाबाचा काटा वर चढत होता. सोमेशला वाटलं काटाच बिघडलाय. गुरुवारी टाक्या काठोकाठ भरल्या. सोमेशनं मॅडमना फोन लावला, फोन स्पीकरवर होता. मॅडमनी विचारलं, "मामा आहेत का तिथं? मामा, टाकीत काही गेलं का? तेल, रंग, काहीही?"

"न्हाय," पिराजी म्हणाला.

मॅडम पुन्हा म्हणाल्या की आत्ता कळलं तर सोपं आहे, शेवया वर काढून धुता येतील.

"काय न्हाय गेलं, मॅडम."

का बोलला तसं? नंतर त्यानं पुष्कळदा स्वतःला विचारलं. मॅडम ओरडल्या असत्या तर चाललं असतं. पण साहेब लोकांपुढं उभा केलेला गुळव्या चुकला, हे त्याच्या तोंडून निघेना.

शुक्रवारी पाणी मशीनच्या खोलीत शिरायला लागलं. आता हवेची यंत्रं बुडाली असती आणि सगळंच मेलं असतं. म्हणून सोमेशनं ओढ्याकडचा मोठा व्हॉल्व्ह उघडला आणि काळं पाणी थेट ओढ्यात सोडलं. पलीकडे गवत कापणाऱ्या वाडीतल्या दोघांनी त्याला चाक फिरवताना बघितलं. शनिवारी सकाळी डोहातले सगळे मासे पोट वर करून तरंगत होते.

फाटक पडलं आणि माणसं आत घुसली. विश्वजितनं सोमेशच्या कानफटात दिली. सोमेश भिंतीवर आदळला.

"व्हॉल्व्ह कुणी उघडला?"

"मी," सोमेश म्हणाला. तो खोटं बोलणारा नव्हता. "न्हाईतर सगळं बुडालं असतं. माझं ऐकून घ्या..."

कुणीच ऐकून घेतलं नाही. कुणीतरी पाठीत काठी घातली. तो खाली पडला तशा लाथा सुरू झाल्या. बरगडीवर, मांडीवर, तोंडावर. एकानं मेलेला रोहू शेपटीला धरून त्याच्या तोंडावर सपासप मारला आणि बाकीचे हसले. वीज वाचवायला सोडलं म्हणे पाणी, एक म्हणाला. दुसरा म्हणाला, शहरातल्यांची घाण आमी प्यायची व्हय. आतल्या खोलीत काचा फुटल्या. कुणीतरी काट्याच्या डब्यावर पहार घातली.

पिराजी दोनदा पुढं झाला. दोन्ही वेळेला त्याला दंडाला धरून आदरानं बाजूला केलं. तात्या, तुमी सावलीला बसा. तात्या, तुमाला लागंल. त्याच्या घशाशी शब्द आला होता, पण गर्दीत ज्याच्या-त्याच्या तोंडाकडं बघितलं की तो शब्द खाली जायचा. प्रत्येकाच्या घरचा गूळ त्यानं केला होता.

मग काठीचं टोक सोमेशच्या डाव्या डोळ्यात गेलं. मुद्दाम की चुकून, कुणी सांगावं. सोमेश ज्या आवाजात ओरडला तो ऐकून मारणारेही क्षणभर थांबले. बोटांमधून रक्त आणि पाणी मिळून वाहत होतं.

"आता बास," गर्दीतला एक म्हातारा म्हणाला.

"बास कसं?" विश्वजितनं सोमेशची कॉलर धरली. "ह्येला पाजायचंय अजून. माझ्या बाच्या नाकातोंडात जे पाणी गेलं त्येच पाजायचं. मग त्या शेवया कापायच्या."

त्यानं आणि आणखी दोघांनी सोमेशला लोखंडी जिन्यानं वर ओढत नेलं, टाक्यांवरच्या अरुंद वाटेवर. पाय प्रत्येक पायरीवर आपटत होते. बुडबुड्यांच्या टाकीशी त्यांनी त्याला कठड्यावर पालथा घातला, डोकं पाण्याकडं. खाली तपकिरी पाणी उकळल्यासारखं उसळत होतं.

पिराजी मागोमाग चढला. सोमेशनं उरलेल्या एका डोळ्यानं त्याला बघितलं.

"मामा," तो म्हणाला, "यांना सांगा की. मी तीन दिस झोपल्यालो न्हाई."

पिराजी वळला आणि जिना उतरून पळाला. घाबरला तात्या, कुणीतरी म्हणालं. तो तुरटीच्या पोत्यांमागं गेला, पोती उपसली आणि परत वर आला तेव्हा त्याच्या हातात रिकामा पत्र्याचा डबा होता.

"विश्वा," तो म्हणाला. "ह्यो डबा कुणाच्या घरचा?"

डब्यावर हळदीची पाच बोटं उठली होती. अंबूबाई नवा डबा घरात आला की आधी त्याला हात लावायची; तिची करंगळी वाकडी होती, म्हणून पाचवी खूण नेहमी तिरकी. हा डबा चार दिवस घरात शोधत होते.

"तेल मी घातलं. मंगळवारी. फेस बसवायला. त्या तेलानं शेवया बुजल्या, म्हणून टाक्या भरल्या, म्हणून त्येनं व्हॉल्व्ह उघडला. मॅडमनी इचारलं तवा मी न्हाय म्हणालो. मासं मी मारलं."

विश्वजित डब्याकडं बघत राहिला. त्या तिरक्या बोटाकडं. आणि बघता बघता त्याची मूठ सैल झाली.

सोमेश कठड्यावरून घसरला. आवाजसुद्धा झाला नाही. उसळत्या पाण्यानं त्याला आत घेतलं आणि तो गेला. एक हात वर आला नाही की केस दिसले नाहीत. वर असलेले तिघं नुसते वाकून बघत राहिले. एक जण उडी घ्यायला शर्ट काढू लागला. पिराजीनं त्याला ढकलून मागं पाडलं आणि खांबावरच्या लाल बटणावर मूठ मारली.

हवेची यंत्रं थांबली. एवढा वेळ कानात असलेला घरघराट गेला आणि खालच्या माणसांचं बोलणं एकदम ऐकू येऊ लागलं. बुडबुडे विरळ झाले, पाणी आडवं झालं. पिराजीनं आपला गुऱ्हाळाचा झारा घेतला. लांब दांड्याचा, फेस काढायला तो त्यानं इथंही आणून ठेवला होता. टाकीत तो आडवा फिरवू लागला, काहिलीत फिरवावा तसा, काठाकाठानं. एकदा काही लागलं नाही. दुसऱ्यांदा नाही. पिराजीच्या तोंडून शिव्या निघत होत्या, कुणाला ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं. तिसऱ्या फेऱ्यात पाठ वर आली. झारा शर्टात अडकवून त्यानं ओढलं, बाकीच्यांनी हात दिला. सोमेशला जाळीवर पालथा घालून पाठीवर गुद्दे मारले, तेव्हा त्यानं काळं पाणी ओकलं आणि श्वास घेतला.

विश्वजित उभा राहिला. खालून कुणीतरी वर आणलेली पहार त्यानं उचलली. त्याचं तोंड आठ वर्षांपूर्वी बापाच्या प्रेतापाशी होतं तसं झालं होतं.

"ह्याच हातानं?" त्यानं विचारलं.

पिराजीनं उजवा हात बघितला. पाकानं बोटांची टोकं दगडासारखी झालेली. त्यानं तो हात कठड्यावर ठेवला.

"व्हय. ह्याच."

पहार खाली आली. मनगट आणि चार बोटं लोखंडावर लोखंड आपटून चिरडली गेली. पिराजी गुडघ्यावर बसला. ओरडला नाही, ओरडायला श्वासच उरला नव्हता. मग डाव्या हातानं कठडा धरून तो उठला, खांबापर्यंत गेला आणि हवेचं बटण परत चालू केलं. जंतूंना फार वेळ हवेवाचून ठेवता येत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. टाकी पुन्हा उसळू लागली. वाडीची माणसं एकेक करून जिना उतरली. शेवयांना कुणी हात लावला नाही.

सरकारी दवाखान्यात दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. खुर्ची असून बसल्या नाहीत. शेवया काढून औषधाच्या पाण्यात भिजत घातल्यात, निम्म्या तरी वाचतील, म्हणाल्या. सोमेशचा डोळा वाचणार नव्हता. तो पलीकडच्या वॉर्डात होता आणि पिराजीचं नाव काढलं की भिंतीकडं तोंड करत होता.

"मामा, मी फोनवर विचारलं होतं," मॅडम म्हणाल्या. "दोनदा विचारलं होतं."

पिराजीनं प्लास्टरमधला हात चादरीखाली घेतला. त्या तशाच निघून गेल्या.

मग अंबूबाई आली. कॉटच्या पायथ्याशी जमिनीवर बसली. विश्वजित वाडीतच आहे, जेवत नाही, पळूनही जात नाही, असं तिनं सांगितलं. मग हळूच म्हणाली की जिन्यावरून पडलो म्हण. हाताचं तुझ्या तुझ्यापाशी. त्या पोराच्या डोळ्याचं, गर्दीत कुणाची काठी लागली कुणी बघितलंय. एक गेला केंदाळात, दुसऱ्याला तुरुंगात घालू नको, भावजी. ती रडत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, वाकड्या करंगळीला.

दुपारी हवालदार आला, जबाब घ्यायला. कागद मांडीवर ठेवला, पेनाचं टोपण उघडलं आणि हात कुणी मोडला ते आधी सांगा म्हणाला. अंबूबाई मान खाली घालून बसली होती.

"आधी तेल लिवा," पिराजी म्हणाला.

हवालदारानं वर बघितलं. तेल घालणं हा काही गुन्हा नाही, ते इथं लागत नाही, असं तो समजुतीनं सांगू लागला.

"लागतंय. मंगळवारी तेल घातलं. गुरुवारी मॅडमला खोटं बोललो. पोरगं मार खात हुतं तवा मी बघत उभा हुतो, किती येळ ते बी लिवा. डोळा गेल्यावर माझं तोंड उघडलं. ह्ये सगळं आधी. त्येच्या खाली विश्वजितचं नाव."

अंबूबाईनं पदर सोडला. उठली, कॉटजवळ आली आणि पिराजीच्या थोबाडीत मारली. सगळा वॉर्ड वळून बघू लागला. ती बाहेर गेली, चपला हातात घेऊन.

हवालदार बराच वेळ लिहीत राहिला. लिहून झाल्यावर त्यानं सगळं वाचून दाखवलं आणि कागद पुढं केला. पिराजीचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. त्यानं डाव्या हाताचा अंगठा शाईत बुडवला, आणि टेकवायच्या आधी म्हणाला, "तेलाचं पयल्या ओळीत हाय नव्हं?"

हवालदारानं बोट ठेवून ओळ दाखवली. पिराजीनं अंगठा उठवला.